पाचर ठोकून नळी घट्ट होत नाही

आजचा प्रश्न अमेरिकेतल्या एका श्रोत्याचा. त्याच्याकडे १८५१ च्या कोल्ट नेव्हीची प्रतिकृती आहे, काळ्या दारूवर चालणारी. नळी हलते म्हणतो, काय करू? मीही ओहायोत असताना याच खड्ड्यात पडलोय, म्हणून आज याच्यावरच बोलू.

आधी रचना समजून घ्या. नंतरच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरच्या डोक्यावरून सांगाड्याची पट्टी जाते आणि नळी आट्यांनी बसवलेली असते. कोल्ट नेव्हीला वरची पट्टीच नाही. सांगाड्यातून एक जाड कणा पुढे येतो. त्यावर सिलिंडर फिरतो. कण्याच्या पुढच्या टोकावर नळी सरकवायची आणि आडवी पोलादी पाचर घालायची. खाली दोन बारीक खुंट्या नळीला सरळ धरतात. बस्स, एवढंच!

आता गावाकडे कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की आपण काय करतो? पाचर ठोकतो. मीही तेच केलं. लाकडी हातोडीचे दोन ठोके, आणि नळी घट्ट. पण सिलिंडर फिरेना! पाचर जरा बाहेर काढली, तर सिलिंडर फिरला आणि नळी परत हलायला लागली.

क्लबातले एक आजोबा हे बघत होते. म्हणाले, "ठोकू नकोस. दोष पाचरीत नाही, कण्यात आहे."

मूळ कोल्टमध्ये कण्याचं टोक नळीखालच्या भोकाच्या तळाला टेकतं. काही प्रतिकृतींत कणा आखूड पडतो आणि तळाशी पोकळी राहते. मग पाचर जितकी आत, तितकी नळी मागे ओढली जाते. तिचा खालचा भाग सांगाड्यावर अडतो, वरचा सिलिंडरकडे झुकतो आणि मधली फट बुजते. पाचर दर वेळी वेगळी बसली की फट वेगळी, नेमही वेगळा.

तपासायचं कसं? सगळ्यात आधी हत्यार रिकामं आहे ना, ते बघा. सगळी घरं आणि टोप्या, दोन्ही. मग पाचर, नळी, सिलिंडर काढा. आता नुसती नळी थोडी आडवी वळवून कण्यावर तळाला टेकेपर्यंत ढकला. तिचा खालचा भाग सांगाड्याच्या कडेला जेमतेम टेकायला हवा. कडेच्या पुढे गेला, तर जितका गेला तितका कणा आखूड.

उपाय म्हणजे तेवढ्या जाडीची पोलादी चकती भोकाच्या तळाशी बसवायची. पितळेची नको, ती दबते. चकती किंचित जाड घ्या आणि थोडी थोडी घासत परत परत बसवून बघा. कणा तळाला आणि नळी सांगाड्याला, दोन्ही एकाच वेळी टेकले की थांबा. मग सिलिंडर घालून फीलर गेजने फट मोजा. साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर चांगली. मला एक अख्खा रविवार लागला, पण त्यानंतर पाचर अंगठ्याने दाबून, वर एक हलका ठोका दिला की बसते.

फट मोठी राहिली किंवा नळीत चीर दिसली, तर घरी प्रयोग नको. जाणत्या कारागिराकडे द्या. आणि भारतातल्या मित्रांनो, शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे आपल्याकडे परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्तीसुद्धा करता येत नाही. तुम्ही फक्त ऐका!

भेटू पुढच्या भागात.