कवड्यांचे दान आणि संग्रामदुर्गाचा वेढा

सोंगट्या आणि सारीपाट आपल्या परिचयाचे आहेत. पण ज्यात पट नाही, घरं नाहीत, शेवटी कुणी जिंकत नाही की हरत नाही, असा खेळ म्हटला तर आपण विचारू, मग त्यात खेळायचं तरी काय? तर गोष्ट खेळायची!

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी असा एक खेळ छापून विक्रीस काढला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचं नाव. त्याच घराण्यात १९९९ साली ‘सेव्हन्थ सी’ आला. त्यात तलवारबाज, समुद्रावरचे चाचे आणि जादूटोणा यांची नुसती रेलचेल. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’साठी ज्यांनी कंदिलाचं तेल जाळलं, त्यांना ही चव ओळखीची वाटेल.

रीत सोपी आहे. चार-पाच जण गोल करून बसतात. एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेक सोंग घेतात. संवादाची वही मात्र कुणाच्या हाती नसते. सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि विचारतो, “आता तू काय करतोस?” काम साधं असेल तर ते झालं म्हणायचं. धोक्याचं असेल तर फासे टाकायचे आणि पडेल ते दान गोष्टीत सोसायचं.

राजगुरुनगरच्या गुरुजींना यासाठी परदेशी चाचे आणायला नकोत. पुण्याच्या वाटेवर चाकणला, कारखान्यांच्या आणि मालमोटारींच्या गर्दीत, संग्रामदुर्गाचे अवशेष उभे आहेत. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट सुमारे पंचावन्न दिवस झुंजवला. अखेर सुरुंगानं बुरूज उडाला आणि किल्ला द्यावा लागला.

आता वर्गात एक मुलगा किल्लेदार, एक मुलगी गोलंदाज, एक जण जासूद, एक पाणक्या. मोगलांची बाजू सूत्रधारानंच सांभाळावी, म्हणजे भांडण नको! जासूद रात्री खंदक ओलांडू म्हणतो. टाका पाच कवड्या. तीन उताण्या पडल्या तर पार, नाही तर पहारेकरी जागा झाला.

पण खरी कसोटी बुरूज उडाल्यावर लागते. उरलेली माणसं घेऊन लढत राहायचं, की त्यांचे जीव राखून किल्ला सोडायचा? इथं कवड्या बाजूला ठेवाव्यात. हा निर्णय दानावर सोडायचा नसतो. पुष्कळ मुलं आवेशानं “लढू!” म्हणतील. तेव्हा पाणक्याला विचारावं, बाबा, तुझं काय मत? मागच्या बाकावरचं अबोल पोर अशा वेळी बोलतं, बरं का.

इतिहास बदलेल, अशी भीती काही शिक्षकांना वाटते. माझ्या मते खेळात तो खुशाल बदलू द्यावा. लगेच नंतर खरं काय घडलं ते सांगावं. त्या दिवशी मुलं कान देऊन ऐकतात.

कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून घ्यावेत. पांढरी बाजू वर आली की उताणी धरावी.