खऱ्या चित्रफितींचा प्रचार

युद्धप्रचार म्हणजे निव्वळ खोटेपणा, ही समजूत अपुरी आहे. लोकांचे मत वळवण्यासाठी माहितीची हेतुपूर्वक केलेली निवड आणि मांडणी म्हणजे प्रचार. ती माहिती खरीही असू शकते. लग्नाच्या अल्बममधला प्रत्येक फोटो खरा असतो, रुसवेफुगवे मात्र त्यात नसतात. म्हणून चित्रफीत अस्सल आहे एवढी खात्री पुरत नाही. ती कोणी दिली आणि काय दिले नाही, हे अधिक महत्त्वाचे.

२०२० मध्ये नागोर्नो-काराबाखसाठी आर्मेनियाशी झालेल्या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानच्या संरक्षण मंत्रालयाने ड्रोनने (वैमानिकाविना उडणाऱ्या विमानाने) टिपलेल्या हल्ल्यांच्या चित्रफिती सतत ऑनलाइन टाकल्या. रणगाडे खरोखरच उद्ध्वस्त होत होते. पण स्वतःचे किती सैनिक मारले गेले, हा आकडा त्या मंत्रालयाने युद्ध थांबल्यावर, डिसेंबरमध्ये जाहीर केला: २,७८३.