हर्बल सॅनिटायझर आणि बीजाणू

बोईसरपासून नवापूरच्या किनाऱ्यापर्यंत कुठल्याही औषधाच्या दुकानात कडुनिंब, तुळस, कोरफड घातलेला सॅनिटायझर मिळतो. बाटलीवरचं ‘९९.९ टक्के जंतू मरतात’ हे वाचून सगळेच जंतू मरतात असं वाटणं स्वाभाविक आहे. बीजाणूंना मात्र तो आकडा लागू होत नाही.

बीजाणू (काही जीवाणू प्रतिकूल काळात घेतात ती सुप्त, जाड कवचाची अवस्था) म्हणजे जणू डब्यात भरून ठेवलेला सुका वाल. वर्षभर निपचित पडून असतो, भिजवला की मोड येतात. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असेच वर्षानुवर्षं तग धरतात.

सॅनिटायझरमधलं अल्कोहोल जागत्या जीवाणूचं आवरण आणि प्रथिनं मोडतं. बीजाणूच्या आत पाणी अगदी कमी आणि वर कवच, त्यामुळे तिथे त्याची मात्रा चालत नाही. वनस्पतींच्या अर्काचीही नाही. बीजाणू मारायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) वापरतात: १२१ अंश सेल्सिअस, किमान १५ मिनिटं. हातावर हे शक्यच नाही.

साबणाने बीजाणू मरत नाहीत, पण चोळून धुताना सुटून वाहून जातात. म्हणून शिंगाळा माशाचा काटा रुतला किंवा खाडीच्या चिखलात पाय कापला, तर सॅनिटायझर ओतू नका. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा आणि आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची लस आधी कधी घेतली होती ते सांगा.