दवाखाना चांगला कशावरून म्हणायचा?



ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना पिकाच्या खालोखाल बोलणं निघतं ते दुखण्याचं. बदनापूर भागातला माणूस दुखणं वाढलं की जालना गाठतो, नाही तर संभाजीनगरची 'घाटी'. परत आल्यावर विचारावं, दवाखाना कसा? "गेल्या गेल्या सलाईन लावली, डॉक्टर चांगला." नाही तर, "तीन तास बसवलं अन् नुसत्या गोळ्या दिल्या, काही दम नाही तिथं."

रोग्याच्या मताला किंमत आहेच. केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०१६ साली 'मेरा अस्पताल' हा उपक्रम सुरू केला, तो रोग्याला मोबाईलवरून विचारण्यासाठीच. समाधान नसेल तर कारण कोणतं? वागणूक, स्वच्छता, खर्च की उपचार? यातल्या पहिल्या तीन गोष्टी रोग्याइतक्या कुणालाच कळत नाहीत. क्षयाचा रोगी एकदा हाडतुड केला की सहा महिन्यांच्या गोळ्या अर्ध्यावर सोडतो, आणि ते जिवावर बेततं.

चौथी गोष्ट मात्र खाटेवरून दिसत नाही. फडात ऊस हिरवागार उभा असतो, उतारा गाळपातच कळतो. साध्या हगवणीत, तोंडानं पाणी घेता येत असेल तर मीठ-साखरेचं पाणी बहुतेक वेळा पुरतं. पण तेवढंच सांगणाऱ्या डॉक्टरनं "काहीच केलं नाही" असं आपण म्हणतो!

याची सगळ्यांत कडू गोष्ट आपल्याच धंद्यातली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या प्रश्नावर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ब्याऐंशी हजारांवर बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येकींना कॅन्सरची भीती घातली होती. त्यात खाडा पडला की उचलीतून पैसे कापले जाणार, मग पाळीची कटकटच नको, हाही हिशोब होता. भीती घालणारा डॉक्टर त्यांना काळजीवाहू वाटला असेल, असं मला तरी वाटतं.

हंगामात आपल्या फडावर टोळी असते. तिच्यातल्या बाईला कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी सरकारी डॉक्टरला दाखवावं आणि गाडीची सोय सभासदानं करावी. २०२१ च्या राज्य नियमांनुसार खाजगी दवाखान्यात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावावी लागते. भिंतीवर दिसली नाही तर काउंटरवर मागावी, आणि निघताना डिस्चार्ज कार्ड घेतल्याशिवाय पैसे भरून मोकळं होऊ नये.

— ऊस विकास अधिकारी