तालमीतून पिंजऱ्याकडे: एमएमए फायटर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलाला काय सांगायचं?

पालकसभा संपली की काही पालक मागे थांबतात. मुलाच्या मार्कांचं बोलणं झालं की खरा विषय निघतो. यंदा दोन-तीन घरांतून एकच विषय आला. एक अब्बा म्हणाले, "सर, पोरगं दिवसभर मोबाईलवर खबीबच्या फाईट बघतंय. दहावीनंतर शिकायचं नाही, फायटर व्हायचं म्हणतंय. काय सांगू त्याला?" अम्मी शेजारी गप्प उभ्या होत्या. त्यांना एवढंच विचारायचं होतं, "जिवाला धोका तर नाही ना?"

प्रश्न रास्त आहे. नुसतं "नको" म्हणून भागत नाही, कारण पोरं मोबाईलवर सगळं बघतात. म्हणून हा खेळ काय आहे, त्यातलं करिअर कसं चालतं आणि दीनच्या दृष्टीने काय बघायला हवं, हे आम्ही इथे सोप्या भाषेत मांडतो आहोत.

खेळ नेमका काय?

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. कुस्ती, बॉक्सिंग, किक बॉक्सिंग, ज्यूदो, जिऊजित्सू असे अनेक प्रकार एकाच लढतीत. जाळीच्या पिंजऱ्यात दोघे उतरतात. ठोसा, लाथ, गुडघा, कोपर चालतं. खाली पाडून गळा आवळणं, हात-पाय पिरगळणंही चालतं. सहन झालं नाही की हाताने थोपटायचं, लढत तिथेच संपते. साधी लढत 5 मिनिटांच्या 3 फेऱ्यांची, किताबाची 5 फेऱ्यांची. डोळ्यात बोट घालणं, मानेमागे मारणं, जांघेत मारणं याला बंदी आहे. हातमोजे साधारण 4 औंसांचे असतात, म्हणजे बॉक्सिंगच्या मोज्यांच्या निम्मे. बोटं मोकळी राहावीत, पकड घेता यावी, म्हणून ते पातळ ठेवतात. त्यामुळे ठोसाही जास्त लागतो.

या खेळातली सर्वांत मोठी कंपनी यूएफसी. तिची पहिली स्पर्धा 1993 मध्ये अमेरिकेत झाली. आपल्याकडे 2012 मध्ये मुंबईत सुपर फाईट लीग सुरू झाली, पुढे 2019 मध्ये मॅट्रिक्स फाईट नाईट आली.

कोल्हापूरशी काय संबंध?

संबंध आहे. या खेळात कुस्तीगिराला पहिल्यापासून वजन असतं. पट काढून समोरच्याला खाली घ्यायचं आणि वर बसून दाबून ठेवायचं, हे ज्याला जमलं त्याचं अर्धं काम झालं. खबीब नुरमागोमेदोव्हचं सगळं बळ यातच होतं. तो दागिस्तानचा, वडील अब्दुलमनाप हेच त्याचे वस्ताद. 29 लढती, 29 विजय. 2020 च्या जुलैमध्ये वडील गेले. ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत शेवटची लढत जिंकून त्याने पिंजऱ्यातच निवृत्ती सांगितली. वडिलांशिवाय लढणार नाही, असा शब्द आईला दिला होता. पोरांनी त्याचे डाव पाहावेत, पण हेही पाहावं.

कुस्तीचं हे बळ आपल्या मातीत कधीपासून आहे. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले, रोमचं जुनं क्रीडागार पाहून आले, आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. मैदानाची पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या दोन मुसलमान पैलवानांची झाली. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींनी किती पिढ्या घडवल्या. ज्या तालमीत गणपती बसतो, त्याच तालमीत मोहरमचा पंजाही बसतो, हे चित्र आपल्या शहराला नवं नाही. तेव्हा आपलं पोरगं तालमीत गेलं तर ते परक्या दारात गेलं असं समजू नये.

महाराष्ट्राचा भरत खंडारे कुस्तीतूनच एमएमएकडे वळला आणि नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. समोर चीनचा सोंग यादोंग होता. पहिल्याच फेरीत गळा आवळला गेला आणि भरत हरला. यूएफसीत भारताचा पहिला विजय यायला 2024 चा जून उजाडला. तो मिळवला पूजा तोमरने. आपल्या देशातून तिथे पोचणं किती अवघड आहे, ते यावरून समजावं.

पैसा कसा मिळतो?

इथे पोरांची सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. फायटरला पगार नसतो. तो कंपनीचा नोकर नसून कंत्राटदार असतो. लढला तर पैसे. यूएफसीतल्या नव्या खेळाडूला साधारण 10 ते 12 हजार डॉलर लढण्याचे आणि जिंकला तर तेवढेच आणखी, असा करार असतो. वर्षात दोन-तीन लढती झाल्या तर झाल्या. त्यातून प्रशिक्षक, मॅनेजर, खुराक, कर सगळं जातं. गुडघा गेला, लढत रद्द झाली, तर त्या वर्षी हातात काही नाही. आणि हे झालं सर्वांत वरच्या पायरीचं. आपल्या देशातल्या छोट्या स्पर्धांत यापेक्षा फार कमी मिळतं. शिकवण्या घेऊन, जिममध्ये ट्रेनर होऊन पोट भरावं लागतं.

कुस्तीची वाट वेगळी आहे. कुस्ती ऑलिंपिकमध्ये आहे, एमएमए नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त खेळ आणि स्पर्धांनाच लागू होतं. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाला. मुलाला कुठल्याही खेळात घालण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, या खेळाचं प्रमाणपत्र पुढे चालतं का? एवढा एक प्रश्न पुढची दहा वर्षं वाचवतो.

खाशाबा जाधवांची आठवण ठेवा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून 7 हजार रुपये दिले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं. तरी पुढे संसार चालला तो 1955 मध्ये लागलेल्या पोलीस खात्यातल्या नोकरीवर. ऑलिंपिकवीराला नोकरी लागली, मग आपल्या पोराला दहावी-बारावी लागणार नाही का?

शरीर आणि वजन

लढतीत डोक्याला मार बसतो तसा रोजच्या सरावातही बसतो. चांगला वस्ताद सरावात डोक्यावर जोरात मारू देत नाही. बेशुद्ध पडलेल्या मुलाला डॉक्टरला दाखवल्याशिवाय पुन्हा उतरवत नाही. "काही होत नाही, उठ" म्हणणारा वस्ताद असेल तर त्याच दिवशी मुलाला घरी आणा.

दुसरा धोका वजन उतरवण्याचा. खालच्या वजनगटात बसायला पोरं लढतीआधी पाणी बंद करतात, अंगावर जाड कपडे घालून घाम काढतात. डिसेंबर 2015 मध्ये यांग जियान बिंग हा 21 वर्षांचा चिनी फायटर मनिलातल्या लढतीआधी असंच वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्या कंपनीला नियम बदलावे लागले. आमच्याकडे एक पोरगं म्हणालं, "सर, आम्ही रोजे ठेवतो, आम्हाला सवय आहे." बाळा, रोजा ही इबादत आहे. सहरी असते, इफ्तार असतो, आजाऱ्याला सवलत असते. वजनासाठी अंगातलं पाणी पिळून काढणं ही वेगळीच गोष्ट आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

दीन काय म्हणतो?

आम्ही आलिम नाही, शिक्षक आहोत. जे वाचलं-ऐकलं ते सांगतो. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी रुकाना या पैलवानाशी कुस्ती केल्याची रिवायत आहे. ताकद कमावणं इस्लामला प्रिय आहे. पण लढताना चेहऱ्यावर मारण्याची मनाईही हदीसमध्ये आहे. 1987 मध्ये मक्केच्या राबेता आलमे इस्लामीच्या फिक्ह परिषदेने बॉक्सिंग नाजायज ठरवलं. एकमेकांना इजा करायची मुभा असलेल्या कुस्तीलाही तोच हुकूम लावला. नुसत्या व्यायामासाठी, इजा न करता होणारी कुस्ती मात्र जायज सांगितली. खबीब नमाजी आहे म्हणून पिंजऱ्यातलं सगळंच जायज होत नाही. आपल्या मस्जिदीच्या इमाम साहेबांना किंवा मुफ्तींना विचारा, आणि विचारताना मुलाला सोबत न्या.

मग करायचं काय?

आमचं मत सरळ आहे. मुलाला अंगात रग आहे तर ती मोबाईलवर जिरवू नका, तालमीत घाला. पहाटे फजर, मग जोर-बैठका, मग शाळा. आधी चार-पाच वर्षं कुस्ती किंवा ज्यूदो शिकू दे. शिक्षण सोडायचं नाही ही अट पहिल्या दिवशी घाला. अठरा वर्षांचा झाला, अंग तयार झालं, बारावी पदरात पडली, की मग बसून बोला. तोवर निम्म्या पोरांचं वेड उतरलेलं असतं, आणि ज्याचं उतरलेलं नसतं तो खरा पैलवान असतो.

त्या अब्बांना आम्ही हेच सांगितलं. शेवटी पोराला जवळ बोलावून एक हदीस आठवण करून दिली, जिचा आशय असा की पैलवान तो नव्हे जो दुसऱ्याला आपटतो, पैलवान तो जो रागात स्वतःला आवरतो. पोरगं खाली बघत हसलं आणि म्हणालं, "सर, तालमीची फी किती असते?"