गॉलवेच्या पबमधला दादरा

शनिवार-रविवार गॉलवेला जाते, तिथल्या पबमध्ये बसणार आहे, असं मी फोनवर सांगितलं आणि आईचा आवाज उतरला. नालासोपाऱ्याजवळच्या आचोळ्यात आमच्या चाळीत पब म्हणजे दारू, दुसरं काही नाही. मी डब्लिनला शिकते. मैत्रिणींबरोबर निघाले होते ती ‘सेशन’, म्हणजे पारंपरिक संगीताची बैठक, ऐकायला. हे आईला कसं सांगावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, “बाबांच्या गाडीतलं भजन असतं ना, तसं असतं गं.” तिची समजूत काढायला बोलले होते, पण दोन रात्री तिथे बसल्यावर ते अगदी खरं निघालं.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून रेल्वेने अडीच तासांत आपण अटलांटिकच्या काठावर, गॉलवेत पोचतो. तिथे मेनगार्ड स्ट्रीटवर ‘टिग कोली’ नावाचा लहानसा पब आहे. आयरिश भाषेत ‘टिग’ म्हणजे घर. आत मंच नाही. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, कॉन्सर्टिना, बँजो घेऊन माणसं गोल करून बसतात, एकमेकांकडे तोंड करून. ऐकणाऱ्यांकडे त्यांची पाठ असली तरी कुणाला त्याचं काही वाटत नाही. विरार लोकलमध्ये बाबांचं भजनी मंडळ असंच बसतं. गाडी नालासोपाऱ्याहून सुटली की टाळ निघतात, बुवा सुरुवात करतात आणि बाकीचा डबा आपोआप धरतो. ते गाणं डब्याला ऐकवण्यासाठी नसतं, ते डब्याचंच असतं.

सेशन चालतं कसं? पब बहुधा दोन-तीन वादकांना पैसे देऊन बसवतो, म्हणजे बैठक मोडत नाही. बाकीचे येतील तसे येतात आणि गोलात सामावतात. एक जण चाल सुरू करतो. ज्यांना ती येते ते उचलतात, ज्यांना येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. बहुतेक चालींचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजतो आणि अशी पूर्ण चाल साधारण तीनदा. मग कुणीतरी नुसती मान हलवतो आणि सगळे न थांबता दुसऱ्या चालीत शिरतात. समोर कागद नसतो. चाली कानावरून कानावर आलेल्या, आपल्या भजनाच्या चालींसारख्याच. चालीचं नाव विचारलं तर वाजवणारालाही अनेकदा आठवत नाही.

ठेक्याची गंमत मला बाबांनी दाखवली. रविवारी वादकांची परवानगी घेऊन एक ‘जिग’ फोनवर टिपली आणि त्यांना पाठवली. लगेच त्यांचा फोन आला, “अगो, ह्यो तर दादरोच आसा!” जिगमध्ये तीन-तीनच्या गटात सहा मात्रा असतात. ‘रील’ धावती, चाराच्या पटीतली. तिच्यावर हात आपोआप केहरव्याकडे वळतो. वजन कुठे द्यायचं ते मात्र त्यांचं वेगळं, आणि ते कागदावरून शिकता येत नाही. ठेका धरतं ते ‘बौरान’, लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, आपल्या डफाच्या कुळातलं. दोन तोंडांच्या काठीने ते वाजवतात. आज ते अनेक सेशनमध्ये दिसतं, पण मैफलीत त्याला मान मिळाला तो 1960 च्या दशकात, संगीतकार शॉन ओ रियाडा यांनी आपल्या वाद्यवृंदात घेतल्यावर. आणि ‘इलन पाइप्स’! ही आयरिश बॅगपाइप तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने तिला हवा देतात. 2017 मध्ये युनेस्कोने हे वादन मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पाइप्सचा तो अखंड आधारस्वर ऐकताना मला तंबोराच आठवत होता.

पबमध्ये चाललेलं हे वादन शतकानुशतकं जुनं असावं असं वाटतं. चाली जुन्या आहेत, पण पबमधली बैठक तशी अलीकडची. आधी हे संगीत खेड्यातल्या घरांत, स्वयंपाकघरातल्या चुलीभोवती आणि चव्हाट्यावरच्या नाचात वाजायचं. 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला, धर्मगुरूंचा दबाव होताच, आणि घरोघरचे नाच आटले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश लोक बांधकामावर, कारखान्यांत कामाला लंडनला गेले. भाड्याच्या खोलीत फिडल वाजवायला जागा कुठली? ते पबमध्ये जमू लागले. 1950 च्या दशकात कॅम्डन टाउनच्या ‘बेडफर्ड आर्म्स’मध्ये फिडलवादक मायकेल गॉर्मन आणि गायिका मार्गारेट बॅरी यांच्या बैठका गाजल्या. पबमधलं सेशन रुजलं ते परमुलखात, चाकरमान्यांमध्ये. मायदेशी 1951 मध्ये पारंपरिक संगीतासाठी ‘कोल्टस’ ही संस्था निघाली. डब्लिनच्या ‘ओडोनह्यूज’मध्ये 1962 च्या सुमारास ‘द डब्लिनर्स’ हा गट जमला आणि साठच्या दशकात पबमधलं वादन देशभर पसरलं.

हा इतिहास समजला तेव्हा मला आमचं घर दिसलं. कोकणातून आलेले आजोबा, गिरणगावातली दहा बाय बाराची खोली, तिथून आचोळं. खोलीत पेटी-पखवाज घेऊन बसायला जागा नव्हती, म्हणून भजन गाडीत आलं. तसंच, शिकागोच्या पोलीसप्रमुखपदी राहिलेल्या फ्रान्सिस ओनील या आयरिश माणसाने 1903 मध्ये 1,850 आयरिश चालींचा संग्रह छापला. हे कामही त्याने गावापासून समुद्रापार राहूनच केलं.

जागेचा प्रश्न आजही आहे. डब्लिनच्या स्मिथफील्ड भागातल्या ‘कॉबलस्टोन’ या पबच्या जागेवर 2021 मध्ये नऊ मजली हॉटेलचा प्रस्ताव आला. वादक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि नोव्हेंबरमध्ये महापालिकेने परवानगी नाकारली. पब आजही चालू आहे. संगीताची जागा एका शहराने अशी वाचवली, हे मला फार मोलाचं वाटतं.

गॉलवेत दोन्ही रात्री मी लिंबू-सोडा घेऊन बसले. कुणी पिण्याचा आग्रह केला नाही. एकदा एका म्हातारबाबांनी वाद्यांशिवाय गाणं सुरू केलं, तेव्हा भरलेला पब क्षणात गप्प झाला, ग्लास ठेवल्याचाही आवाज नाही. आपल्याकडे भजनात अभंगाचा पहिला आलाप सुरू झाला की होतं तसं.

आयर्लंडला शिकायला येणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. डब्लिनमधल्या टेंपल बार या पर्यटकांच्या भागातली गर्दी एकदा बघा, पण सेशनसाठी कॉबलस्टोनला किंवा गॉलवेला जा. लवकर जाऊन कोपरा धरा, विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग करू नका, आणि वादकांच्या गोलातलं रिकामं स्टूल दिसलं तरी बसू नका. ते उशिरा येणाऱ्या वादकासाठी ठेवलेलं असतं.