उशीर झाला म्हणून परत पाठवू नका

जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत उरकावी, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात, आणि ते योग्यच आहे. मेंदू पाहायला शिकतो तो याच वयात. तेव्हा स्वच्छ प्रतिमा पोहोचली नाही, तर पुढे कितीही चांगलं भिंग बसवलं तरी नजर अधू राहते. पण या खऱ्या गोष्टीतून घराघरांत भलताच अर्थ निघतो: पोर आठ वर्षांचं झालं, आता ऑपरेशनचा काय उपयोग? मिरजेच्या बालमोतीबिंदू अभ्यासात या प्रश्नाचं उत्तर आहे.

2004 ते 2008 दरम्यान दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली 129 मुलं संशोधकांनी 2010-11मध्ये शोधून काढली आणि पुन्हा तपासली. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचं सरासरी वय नऊ वर्षं होतं. एकूण 258 डोळ्यांपैकी 177 डोळ्यांची नजर आधी 3/60हूनही कमी होती. म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते त्यांना तीन मीटरवरूनही दिसत नव्हतं. तीन ते आठ वर्षांनी 157 डोळ्यांची नजर 6/60च्या वर होती, आणि त्यांतल्या 109 डोळ्यांची तर 6/18च्याही वर. उरलेल्या शंभरेक डोळ्यांचं काय, असं कुणी विचारेल. त्यांना तक्त्यावरची अक्षरं फारशी वाचता आली नाहीत, हे खरं. पण मुलाचं आयुष्य तक्त्यासमोर जात नाही. बसचा नंबर वाचणं, फळ्यावरचं उतरवून घेणं, अंधार पडल्यावर एकट्यानं घरी येणं अशा रोजच्या वावराबद्दलचे 20 प्रश्नही या अभ्यासात विचारले होते, आणि मुलांची स्थिती विसाच्या वीस बाबतींत सुधारलेली आढळली.

याच अभ्यासात मोठ्या मुलांची नजर अधिक सुधारली, आणि निदानानंतर शस्त्रक्रियेला झालेल्या विलंबाचा परिणाम दिसला नाही. मग घाई कशाला? मला वाटतं, इथे फार जपून वाचायला हवं. मोठेपणी आलेल्या अनेक मुलांचा मोतीबिंदू जन्मानंतर हळूहळू वाढलेला असतो. त्यांचा मेंदू पाहायला आधीच शिकलेला असतो. जन्मापासून बाहुली पांढरी असलेल्या तान्ह्याला हा दिलासा लागू नाही.

खरी कसोटी लागते ती ऑपरेशननंतर. अमेरिकेत एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या, सहा महिन्यांपर्यंतच्या 114 बाळांवर झालेल्या अभ्यासात काहींना आत भिंग बसवलं, काहींना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. पाचव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही गटांची नजर सारखीच निघाली. भिंगवाल्यांना मात्र पुन्हा शस्त्रक्रिया जास्त लागल्या. वाढत्या डोळ्याबरोबर चष्म्याचा नंबर बदलत राहतो, आळशी डोळ्याला कामाला लावायचं तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागते, काचबिंदूवर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत 2013पासून जन्मजात मोतीबिंदू आहे, मग मूल सांगानेरचं असो की सांगलीचं. सापडलेल्या मुलाच्या खर्चात ऑपरेशनइतकाच हक्कानं पुढच्या पाच-सात वर्षांचा चष्मा, पट्ट्या आणि आईबापांचं बसभाडं धरलं पाहिजे. हातावर पोट असलेल्या घरात रोजंदारी बुडण्याच्या धास्तीनंच तिसरी-चौथी फेरी चुकते.